चार्ज देताना

पत्र इंग्रजीत होतं, दीड पानाचं.
जिल्ह्याच्या साहेबांनी फोनवर त्याचं मराठी केलं:
"तिकडून बंद झालं."

तिकडून म्हणजे कुठून, नकाशात मी कधी पाहिलं नाही.
आठ वर्षं पगार तिकडूनच यायचा,
नंदुरबारच्या बँकेत, दहा तारखेला,
कधी वीसला.

आता वस्तूंचा चार्ज द्यायचा.
वजनकाटा एक.
लोखंडी कपाट एक, किल्ली वाकडी.
मोबाइल एक, सिमसकट.
निरोध कसा चढवायचा ते दाखवायचं लाकडी मॉडेल एक,
ते भटू अण्णांनी पेपरात गुंडाळून मागितलं
आणि पावतीवर लिहिलं, "किरकोळ".
प्रत्येकावर पिवळा स्टिकर: दूरदेशीच्या जनतेकडून भेट.
मी एक नखाने खरवडून पाहिला.
पैसे थांबले, डिंक थांबत नाही.

त्या जनतेतला एकजण आला होता एकदा.
उंच, लाजाळू, टोपी हातात.
आम्ही त्याला मिरचीच्या पथारीवर नेलं.
नजर जाईल तिथवर लाल जमीन,
आणि हा शिंकतोय, शिंकतोय,
देठं खुडणाऱ्या बाया पदरात हसतायत.
डोळे पुसत त्याने विचारलं,
किती जणांपर्यंत पोचलात?
मी आकडा सांगितला.
आकड्यातल्या चौघी तिथेच बसल्या होत्या,
देठं खुडत,
माझ्याकडे न बघता.
आमचा नियमच होता तो.
चारचौघांत ओळख नाही.

साहेब म्हणाले, घाबरताय काय,
गोळ्या सरकारच्या आहेत, त्या येतच राहतील.
खरंय.
खिडकी उघडी आहे, डबे भरलेले आहेत.
पण खिडकीशी जो आलाच नाही
तो आला नाही,
हे कुणाच्या तरी ध्यानात येणं,
तेवढं परदेशी पैशातून चालायचं.

सायसिंग ऊस तोडायला सुरतेकडे गेला
की डबा तुरीच्या कणगीत विसरायचा.
त्याच्या बायकोला काहीच माहीत नव्हतं, मग सगळंच माहीत झालं,
तेव्हा तिच्यासोबत रक्त द्यायला मी बसले होते बाकावर.
सुपडाबाईच्या सुनेपुढे मी बांगड्या विकणारी,
शनिमांडळात बचत गटाची,
धडगावच्या डोंगरात कोंबड्या मोजणारी.
एका म्हाताऱ्याने खरंच मोजून दिल्या. सतरा.
मी लिहून घेतल्या, काय करणार.

राग कुणावर धरू?
देणाऱ्याने दिलं, देणाऱ्याने थांबवलं,
त्याच्या घरातही काही चाललं असेल.
पण आपल्या तालुक्याच्या बजेटात
गटारीच्या ढाप्यांना रकाना आहे,
साहेबांच्या गाडीच्या सीटकव्हरला आहे.
माणूस आठवायला नाही.

सही केली. रजिस्टरं दिली.
नावं कशी देणार, ती डोक्यात होती.
ती कुणी मागितलीही नाहीत.

आता मी दादाभाई आडत्याकडे वजनं लिहिते.
पोती, कट्टे, ओली मिरची, सुकी मिरची.
सिम बंद, त्या नंबरवर एक बाई सांगते
की हा नंबर अस्तित्वात नाही.
आधी सांगायची, थोड्या वेळाने प्रयत्न करा.

परवा ढिगाच्या पलीकडे मोगरीबाई दिसली.
हाडं वर आलेली, की मलाच तसं वाटलं?
सोबत दीर, जावा, टोपल्या.
नियम नियम असतो. मी वहीत बघितलं.
मग राहवलं नाही, कुणाला तरी विचारावं तसं विचारलं,
"कितला वाजनात वं?"

उन्हं डोक्यावर, दुपारचे दोन.
तिच्या हातात घड्याळ नाही.
टोपली उचलता उचलता ती म्हणाली,
"नऊ."

रोज रात्री नऊला.
जेवणानंतर, चुकवायची नाही.

मी पेन उघडलं.
वहीत रकाने दोनच होते,
वजन आणि भाव.