हातावर पोट

त्बिलिसीच्या गंधकाच्या हमामात
तेवीस वर्षं बायकांच्या पाठी घासते मी.
नाव लामारा. वजन विचारायचं असेल
तर दगडी ओट्याला विचारा,
त्याने कधी तक्रार केली नाही.

पाण्याला सडक्या अंड्यांचा वास.
नवी बाई नाक मुरडते,
मग गळ्यापर्यंत उतरते
आणि बोलायची थांबते.
मी उशीच्या अभ्र्यात साबण घोळवते,
फुंकून फुगवते,
सगळा फेस तिच्या पाठीवर पिळते,
मग खरखरीत हातमोजा, मानेपासून खाली.
मळाच्या शेवया निघतात.
बँकेतल्या साहेबिणीच्या निघतात,
पलीकडे बाजारात माठ आणि कोथिंबीर विकणारीच्या निघतात.
रंग एकच, करडा.

जुजुनाला एक स्तन आहे.
दुसऱ्याच्या जागी मी हळू घासते,
तिथे तिला गुदगुल्या होतात.
सत्तरीची बाई, लहान पोरीसारखी खिदळते.

पूर्वी विचारायच्या, पाठ निघाली का गं स्वच्छ?
तो डोंगरी चहा आल्यापासून,
एकवीस दिवसांत नवी तू,
चिमटीत स्वतःचीच कंबर धरून विचारतात,
इथलं काही कमी झालं का?
मळ जातो, बाई.
तू जात नाहीस.

मग गेल्या वसंतात तेक्ले आली,
जाहिरात कंपनीची, बारीक, घड्याळ न काढता पाण्यात उतरलेली.
म्हणाली, या वेळी आम्हाला खऱ्या बायका हव्यात.
मी म्हटलं, आधीच्या काय लाकडाच्या होत्या?
हसली नाही. तीनशे लारी म्हणाली.
मी हो म्हटलं. छताची गळती होती.

दिव्यांच्या उजेडात उभी केली मला चादर गुंडाळून.
पोट आत घेऊ?
नको नको, पोटच तर हवंय!
माझं पोट सुटलंय, असं नणंद म्हणायची,
जणू कधी कुणी दाव्याला बांधलं होतं.
त्या दिवशी पहिल्यांदा
त्याला कुणी मोकळं राहा म्हणालं,
आणि खोटं कशाला बोलू,
मला बरं वाटलं.
घरी येऊन आरशात दोनदा पाहिलं.

पुलाशी फलक लागला. चार मजली मी.
वर मोठ्या अक्षरांत, जशी आहेस तशी.
खाली लहान अक्षरांत मलम,
निरोगी त्वचेसाठी, दिवसातून दोनदा.
तीन वळ्या होत्या, तिन्ही माझ्या.
हनुवटीखालची हनुवटीही.
शेजारची गुलनाझी भर रस्त्यात टाळ्या वाजवत होती.

पण हात.
सुजलेली पेरं नाहीत,
अंगठ्याचं दुभंगलेलं नख सांधलेलं,
मनगटावर वाफेच्या नळाने दिलेला डाग
कुणीतरी पुसून टाकलेला.
गंधकाने पिवळटलेली, भेगाळलेली
माझी तेवीस वर्षं
एखाद्या पियानो शिकणाऱ्या पोरीला
देऊन टाकलेली.

तेक्लेला फोन केला.
ती चांगली मुलगी आहे, खरं सांगते.
म्हणाली, हात पाहिले की लोकांना काम आठवतं.
पोट चालतं सध्या.
हात अजून चालत नाहीत.

मी फोन ठेवला.
हातावर पोट असलेली बाई मी.
त्यांनी पोट ठेवलं,
आणि ज्यावर ते होतं, ते काढलं.

रागावले? थोडी.
तीनशे लारींत छताचं अर्धंच काम झालं,
त्याचा राग जास्त होता.
मलमाची एक डबी फुकट पाठवली होती,
ती दाराच्या बिजागरीला लावली.
कुरकुर थांबली, एवढं मान्य करते.

सोमवारी जुजुना आली.
ओट्यावर बसली, पाय हलवत.
पुलावर तूच ना गं ती?
मनगटापर्यंत, मी म्हटलं.
तिने माझा हात ओढून घेतला, उलटा केला,
भाजी निवडावी तसा निरखला.
मग म्हणाली,
मला बाई मनगटाच्या पुढची हवी,
आणि पालथी झाली.