रुमालाखाली

राजारामपुरीत, माझ्या टेबलावर सहा ग्लास.
रंगरावमामांनी चाळीस वर्षं
गुळाच्या रव्यांचे भाव
जिभेवर ठरवले, शाहूपुरीच्या अडतीत.

शेनिन ब्लांक नुसती हुंगली:
"पावसानंतर तोडल्यात द्राक्षं. पाणचट."
सोव्हिन्याँ: "कच्च्या पेरूची साल. बरी हाय."
शिराझ गालात घोळवली,
बेसिनात थुंकली
आणि गप्प.

मी वहीत लिहिलं: जांभूळ, मिरी, धूर.
"धूर न्हवं," मामा म्हणाले,
"काईल बुडाला लागलीया जराशी.
पण लागू दिलीय कुणीतरी.
जाणूनबुजून."

पाचापैकी गुण विचारले.
त्यांनी खांद्यावरचा रुमाल
आमच्या हातांवर टाकला,
खाली माझी चार बोटं दाबली,
मग अंगठाही,
अर्धवट.