अठी

वडनेर फाट्याच्या आत, सूतगिरणीत
एकशे चौदा फोन मी बसवले.
बिल एका नावावर, पत्ताही एकच:
नागपूर, रामदासपेठ, तिसरा माळा, लिफ्टसमोर.
बाहेरच्या जगाला आमचा कुठलाही फोन
तिथूनच बोलताना दिसायचा.
मला ठाऊक होतं.
कुणी विचारलं नाही. मीही बोललो नाही.

फाल्गुनातली तिसरी पाळी.
ब्लोरूममध्ये देवानंद कोवेचा हात
रोलरनं कोपरापर्यंत ओढला.
कुंदा शेडमाकेनं खांबावरचा फोन काढून
एकशे आठ लावला.
पत्ता सांगा.
"अठी."
कुठे?
"अठीच जी, मशिनीपाशी. या ना लवकर."

बाकीच्या मशिनी चालूच होत्या,
हवेत कापूस, कानात कापूस.
पलीकडचा पोरगा पुण्यात बसलेला,
त्याच्या बाजूनं अगदी नीट काम करत होता.
त्यानं आठी नावाचं गाव शोधलं.
आठी सापडेना,
तेव्हा पडद्यावर आयतं आलेलं खरं धरलं.

रामदासपेठेत गाडी सात मिनिटांत पोचली.
वॉचमन हरबाजीनं शटर वर केलं.
स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावेना, उभं करून नेलं.
तिसऱ्या माळ्यावर कुलूप,
काचेआड झेरॉक्सचा हिरवा दिवा.
"अठी तं कोनीच नाही,"
हरबाजी म्हणाला म्हणे.
नव्वद किलोमीटरवर आम्ही देवानंदला
सुताच्या पेट्या उतरवून मेटॅडोरमध्ये घातलं.
तो वाचला. हात नाही.

मग वरून फॉर्म आला:
इमारत, मजला, खोली क्रमांक.
आमच्याकडे मजले नाहीत.
जुना काटा आहे, पाळीवाल्यांची झोपायची बाजू आहे,
बोंडे मास्तर घसरले ती पायरी आहे.

मी वही घेऊन निघालो.
वर पत्रा तापून टकटक वाजत होता.
एकेक वायर हातानं चाचपत भिंतीपर्यंत गेलो.
फोनचा भरवसा नाही, फोन माणसं उचलून नेतात.
कॅन्टीनच्या लीलाबाईनं मागे आपला फोन
सुपारीच्या डब्यासकट काट्यावर हलवला होता,
तर वर्षभर काटा कॅन्टीन म्हणून बोलत राहिला.
म्हणून या खेपेला नाव फोनला दिलं नाही,
भिंतीला दिलं.
स्विचचं अठरावं भोक म्हणजे
ब्लोरूम, उत्तरेची भिंत, खांब नऊ,
गाडी मोठ्या गेटनं नाही, म्हशीगेटनं आत.
म्हशीगेट कंपनीच्या नकाशात नव्हतं.
टाकलं.

गोदामामागच्या पटांगणात वायर नाही.
तिथं राखणदार आपला मोबाईल हलवत
रेंज शोधत फिरतो.
त्या रकान्यात मी नुसती रेघ मारली.
साहेब म्हणाले, काहीतरी लिही.
नाही लिहिलं.

चाचणीचा दिवस आधी कळवून ठरवला.
कुंदालाच बोलावलं.
ती फोनला हात लावेना,
मग ओढणीच्या टोकानं धरला,
तीन आकडे दाबले
आणि गप्पच राहिली.

पलीकडून बाईचा आवाज, झोपेतला नव्हे, कामातला:
ब्लोरूम. उत्तरेची भिंत. खांब नऊ.
गाडी म्हशीगेटनं.
बरोबर आहे का?

कुंदानं मान वर केली.
खांबावर पांढऱ्या रंगात नऊ होता,
सहा वर्षं त्याच्याखाली काम करून
तिनं तो आत्ता वाचला.
"हाओ," ती म्हणाली. "अठीच."

फोन ठेवताना
वायरीवर बसलेला कापूस पुसून घेतला.