चोपन्नचा फरक

एका पेपरात एकशे तेरा.
दुसऱ्यात दोन हजारांच्या वर.
नदीकाठच्या रस्त्यापायी जाणारी झाडं.
नदी तीच, काठ तोच, मंगळवारही तोच.
सोसायटीच्या ग्रुपवर तिसराच आकडा फिरत होता,
त्याखाली जोडलेले हात आणि “पुणेकरांनो, जागे व्हा”.
मी जागीच होते. पहाटे चारपासून.

एकतीस वर्षं बँकेत काढली, लक्ष्मी रोडच्या शाखेत.
सत्तर पैसे जुळेनात म्हणून
रात्री नऊपर्यंत बसलोय आम्ही,
साहेबांसकट, शिळ्या बटाटेवड्यावर.
एवढा फरक तसाच ठेवून
कुणी घरी गेल्याचं मला तरी आठवत नाही.

माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला,
दहा रुपयांचं तिकीट चिकटवून.
बत्तिसाव्या दिवशी उत्तर. पानं चार.
तिसरं नव्हतं.

मग खालच्या मजल्यावरच्या तांबोळींचं दार वाजवलं.
हमीद तांबोळी, पीएमटीचे कंडक्टर, रिटायर.
त्यांना रस्ता हवाय, मला नकोय,
म्हणून गेल्या दिवाळीपासून जिन्यात आम्ही
एकमेकांना फक्त हवामान सांगतो.
“मोजणार कोण?” ते म्हणाले.
“दोघं. वेगवेगळे.”
जरा वेळ माझ्याकडे पाहिलं त्यांनी,
सुट्टे नसलेल्या प्रवाशाकडे पाहावं तसं.
मग चपला घातल्या.

ते पुलाच्या बाजूनं, मी घाटाच्या.
माझा खडू पांढरा, त्यांचा हिरवा.
करंज, बाभूळ, पाण्यात पाय सोडलेले वाळुंज,
मुळांत अडकलेल्या दुधाच्या पिशव्या,
एका खोडावर महापालिकेचा पत्र्याचा बिल्ला, नंबर गंजलेला.
मधल्या उंबरापाशी समोरासमोर आलो.
नुसती मान हलवली. बोललं की आकडा सांडतो.

अमृततुल्यात बसून कागद उघडले.
माझे तीनशे एकेचाळीस.
त्यांचे दोनशे सत्त्याऐंशी.
“तुम्ही वाढवलेत,” ते म्हणाले.
“तुम्ही गाळलेत,” मी.
शेजारच्या टेबलावरचा माणूस
कप घेऊन बाहेर उभा राहिला.

मग जुनी सवय कामाला आली.
एकेक ओळ, खुणेला खूण.
एकतीस सुबाभळी त्यांनी धरल्याच नव्हत्या:
“ते काय झाड आहे? तण आहे ते.”
एकोणीस रोपं, माझ्या छातीच्या खालची, मी धरलेली.
आणि चार ठिकाणी एकाच बुंध्यातून दोन खोडं.
मी दोन म्हटलं. ते म्हणाले, तिकीट एकच.

एकतीस, एकोणीस, चार.
चोपन्न. जुळलं.
इतकं बरं वाटलं मला, की चहाचे पैसे मीच दिले,
आणि ते खरं सांगायचं तर
मला थोडं लाजिरवाणंही वाटलं,
कारण झाडं तर अजून जाणारच होती.

सुबाभूळ झाड आहे की तण,
हे कुठल्याच पेपरात नव्हतं.
कागदाखाली दोघांच्या सह्या घातल्या.
दोन्ही आकडे ठेवले, चोपन्नची फोड खाली.
घोड्याच्या नालासारखी त्यांची सही,
पासबुकावर यायची तशीच माझी.

“तरी रस्ता हवाच,” जिन्यात ते म्हणाले.
“तरी नकोच.”
पण यावेळी ते थांबले.
शबाना हडपसरला कामाला जाते,
एक तास चाळीस मिनिटं, उभ्यानं, एका बाजूला.
परत येते तेव्हा तिचं पोर झोपलेलं असतं.

एक तास चाळीस.
मी मनातल्या मनात त्या आकड्याखाली रेघ मारली,
खात्री करायची बाकी असली की मारायचे तशी.

सोमवारी सकाळी सात वाजता
शबानाबरोबर बस धरणार आहे.
घड्याळ लावून, खडूशिवाय.
हातात डबा, पाण्याची बाटली, आणि
कोरा कागद, दोन रकाने आखलेला.