एकशे दहा

पहिलं यंत्र साबणाच्या वडीएवढं, मधोमध चकती.
चकती फिरवून एक आकडा धरायचा,
बाकीचे तेवढा वेळ सोडून द्यायचे.
"जुनं आहे," येर्नेय म्हणाला, "पण लगेच बोलतं."
दुसरं फोनच्या शेपटाला लागतं,
आवाजाचं चित्र काढतं, नावसुद्धा सांगतं,
वर स्वस्त.
तिसऱ्याकडे मी मुद्दाम बघितलं नाही.
खिशात चर्चचे दोनशे युरो होते
आणि पावती आणायची होती.

गोष्ट अशी, की कोल्पा नदीकाठच्या आमच्या चर्चचं छप्पर
जूनमध्ये उतरवायचं ठरलंय.
कंत्राटदार जूनमध्येच मोकळा आहे.
माळ्यावर पाकोळ्या आहेत, मी म्हणालो,
जूनमध्ये त्यांच्या छातीशी पिल्लं असतात.
समितीने विचारलं: किती? कुठल्या? पुरावा?
मी चाळीस वर्षं घंटा ओढतोय.
माळ्यावरच्या लेंड्या दर शनिवारी मीच झाडतो.
लेंड्या उंदराच्याही असतात, म्हणाले.

मला त्यांचा आवाज ऐकू येत नाही.
तसा तो कुणालाच येत नाही,
मला जरा जास्तच येत नाही.
घंटेने कान नेले. डॉक्टरीणबाईंनी गेल्या हिवाळ्यात
कागदावर माझ्या कानांचा उतार काढून दिला:
इथपर्यंत शब्द, इथून पुढे ओठ बघा.
आता तिनकारा जेवताना सीर मागते, म्हणजे चीज,
मला नुसतं ईर ऐकू येतं
आणि मी तिच्यापुढे मीठ सरकवतो.

म्हणून येर्नेयलाही तेच विचारलं, जे बाईंना विचारलं होतं:
ह्याला कुठपर्यंत ऐकू येतं?

त्याने दुसऱ्याचं खोकं उलटं करून बारीक अक्षरं वाचली.
"शहाण्णव किलोहर्ट्झ. पुष्कळ झालं.
नदीवरच्या, दिव्याच्या खांबाभोवतीच्या, सगळ्या बसतात ह्यात."
आणि घोड्याच्या नालेसारखं नाक असलेल्या?
अंगठ्याएवढ्या, पंखांची शाल लपेटून लटकतात त्या?
"त्या एकशे दहावर," तो म्हणाला,
आणि स्वतःचंच वाक्य त्याला उशिरा ऐकू आलं.

म्हणजे मी ते मांडीवर घेऊन रात्रभर माळ्यावर बसलो असतो,
डोक्यावर दीडशे आया,
आणि सकाळी यंत्राने प्रामाणिकपणे लिहून दिलं असतं:
कोणी नाही.
समितीने ते फाइलला लावलं असतं.
कानाडोळा करायला कुणाला वाईटच असावं लागतं असं नाही.
शहाण्णवपर्यंतचे कान पुरतात.

तिसरं सगळं ऐकतं, बोलत काही नाही.
रात्र गिळून बसतं, आणि सकाळी ती
दहापट सावकाश करून ऐकायची.
दोनशे युरोत त्याचं झाकण आलं असतं.

चकतीवाल्याची चकती एकशे वीसपर्यंत जाते.
त्याला आठवण मात्र नाही, ऐकलं की विसरलं.
"मग त्याच्या तोंडाशी आपला फोन धरू,"
तिनकारा म्हणाली. इयत्ता चौथी.

काल संध्याकाळी माळ्याच्या झरोक्याखाली
ती आणि मी, एका घोंगडीत.
मी एकशे दहावर आणलं. काहीच नाही.
बॅटरी तपासली. काहीच नाही.
तिने माझं बोट केसभर बाजूला ढकललं
आणि अंधार गुळण्या करायला लागला,
ओला, गोल, खालच्या पट्टीतला,
थेट माझ्या उतारावरच्या उरलेल्या जागेत.
अगदी बरोबर आकड्यावर तो आवाज बुडतो, हे नंतर कळलं.
ऐकायचं तर जरासं चुकावं लागतं.

ती मोजत होती: एकोणचाळीस, चाळीस, आजोबा हलू नका.
फोनमध्ये काय आलंय, देव जाणे.
माझा श्वास आलाय, एक मोटरसायकल आलीय.
समिती गुरुवारी बसते.

पावती: एकशे ऐंशी युरो.
उरलेल्या वीसातून बॅटऱ्या घेतल्या, आणि चीज.
त्याचा हिशेब मी वेगळा देईन.