तार

जेवणं आटोपली की बाबा खाटेवर बसतात,
खांद्यावर टॉवेल, आणि म्हणतात, वाच.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
साखर उतरत नाही, डॉक्टर हात लावत नाही.
म्हणून मी.
नाहीतर या घरात शास्त्र वाचायचा मान
शमुवेल जॉबरचा,
आणि मला त्यातलं एकच पान ठाऊक.

त्या पानावर एका ओळीखाली लाल पेन्सिल आहे.
चौदा वर्षांपूर्वी ओढलेली,
माझ्या खिशात मल्लेशमची चिठ्ठी सापडली त्या रात्री.
इतकी दाबून
की पान उलटलं तरी पाठीवर वळ दिसतो.

आज पान त्यांनीच काढून दिलं.
बोटाने. वळ चाचपत.

मी हळूच एक पान मागे सरकलो.
इथून वाचू?
वाच की.

शेताच्या कडेचं पीक कापू नका, ते गरिबाचं.
पेन्सिल नाही.
मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःकडे ठेवू नका.
बाबांनी आवंढा गिळला.
मिलचा भोंगा बंद होऊन किती वर्षं झाली,
देण्यांची फाइल अजून ट्रंकेत,
ती सकाळ काही उजाडली नाही.
पण इथेही पेन्सिल नाही.
आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका,
हे मी भरभर वाचून टाकलं.

अंगावर गोंदून घेऊ नका.
आईच्या मनगटावर विंचू होता,
गड्ड्याच्या जत्रेत गोंदवलेला, बाप्तिस्म्याच्या आधीचा.
तोच हात सिव्हिलच्या वॉर्डात
अकरा दिवस बाबांच्या हातात होता.
पाळकसाहेब रोज यायचे प्रार्थनेला,
गुळगुळीत दाढी करून.
दाढीचंही लिहिलंय इथे. कोण काय बोललं?

मग ते आलं.
दोन जातींच्या सुताचं कापड अंगावर घालू नका.

गल्लीत माग चालू होते, खडखट खडखट,
बाबांनी हात लांब करून माझी बाही धरली,
अंगठा आणि तर्जनीत चोळली,
जशी चाळीस वर्षं दुसऱ्यांची ठाणं चोळली.
पासष्ट-पस्तीस, ते म्हणाले.
पॉलिस्टर जास्त आहे. कुणी आणला रे?
मल्लेशमनं.
बाही लगेच सुटली नाही.

मी पुढे वाचत राहिलो.
पान उलटलं, लाल रेघ आली,
आणि मी तिच्यावरून उडी मारली,
आवाज न बदलता, श्वास न घेता,
खालच्या ओळीवर उतरलो.
वाटलं, जमलं.

पण बत्तीस मागांच्या गोंगाटात उभा राहून
कुठल्या मागावर काय बिघडलं
हे पाठमोरा सांगणारा माणूस तो.

तार तुटली, बाबा म्हणाले.

मी गप्प.
मघाशी भरभर वाचलेली ओळ
आता पायाशी येऊन बसली.
निवडून वाचतात म्हणून ज्यांच्यावर मी चौदा वर्षं चिडलो,
त्यांच्यापुढे मीच बसलो होतो
निवडून वाचत.

जोडू? मी विचारलं.

त्यांनी पानावर हात ठेवला.
वळावरून बोट फिरलं, थांबलं,
परत फिरलं,
गाठ धोट्यात अडकेल का हे बघावं तसं.
पलीकडच्या घरात कुणी तेलुगूत मुलाला रागवत होतं.
शेंगांची चटणी कुटल्याचा वास येत होता.
किती वेळ गेला, माहीत नाही.

मग टॉवेलने तोंड पुसून म्हणाले,
पाणी उद्या येणार का परवा?
परवा.
टाकीचा कॉक गळतोय. सांग त्याला,
पाना घेऊन ये म्हणावं.