मीटर वाचणारीचं भाषण

माईक जरा खाली घ्या, माझी उंची तेवढी नाही.
हां. मागे येतंय ऐकू?
मी व्हर्ना टॉलिव्हर, प्रभाग तीन.
सव्वीस वर्षं या गावाच्या पाण्याचे मीटर वाचले.
गुडघे टेकून, लोखंडी झाकण हुकाने उचलून;
आत कधी कोळी, कधी वाळुंद्री साप,
एकदा कुणाची तरी लग्नाची अंगठी.
ती मी दिली परत. कुठे सापडली ते विचारलं नाही कुणी.

तुमची घरं मला दारातून नाही, आकड्यांतून ठाऊक.
कुणाकडे बाळ आलं, कुणाचा मुलगा सैन्यात गेला,
कुणी नवरा सोडून गेल्यावर अख्खा उन्हाळा
बागेला पाणीच घातलं नाही.
काटा सगळं सांगतो.
मी कधी कुणाला सांगितलं नाही.

आज एकाच विहिरीचं सांगते.
चार नंबरची, रुळांपलीकडची.
मी नोकरीला लागले तेव्हा पाणी एकशे दहा फुटांवर होतं.
गेल्या ऑगस्टात दोनशे चौऱ्याण्णव.
पंप आता पाणी ओढताना खाकरतो,
माझे वडील शेवटी शेवटी खाकरायचे तसा.

आणि नकाशावर, टेकाडाच्या उतारावर,
अठराशे घरं काढून झालीत, हिरव्या पेन्सिलीने.
बारसंही झालं: विलो क्रीक इस्टेट्स.
विलो मी तिथे एकही पाहिला नाही.
ओढा होता. नव्वद सालापर्यंत होता.
आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?
पण पोहरा असा चकचकीत, की आडात वाकून
बघतंय कोण!

म्हणून मी म्हणते, वर्षाला ऐंशी घरं. बस.
विहीर जेवढी वर येईल, तेवढंच गाव पुढे सरकेल.

थांबा. टाळ्या नकोत.
टाळ्या कुठल्या बाजूने आल्या ते दिसतंय मला.
तुमच्याकडे तीन-तीन एकर हिरवळ,
पहाटे चारपासून फवारे,
काटा असा पळायचा
की आकडा टिपायला पेन्सिल पुरायची नाही.
तुम्हाला पाणी नाही वाचवायचं,
तुम्हाला खिडकीतला डोंगर वाचवायचाय.
आणि आपण दोघं एकाच पत्रकावर छापले जातो,
हे माझं नशीब.

बोल, मायटे. उभी राहून बोल.
ही मायटे एचेव्हेरिया. माझ्या आईची रात्रपाळीची नर्स.
चाळीस मैलांवरून येते, ट्रेलरमधून,
बर्फातसुद्धा.
काय म्हणालीस?
माझं घर कधीचं?

एकोणऐंशी सालचं.
जर्दाळूची बाग तोडून बांधलेलं.
तेव्हा या माईकपाशी कुणी माझ्यासारखी उभी असती
तर मी आज इथे उभी नसते.

याचं उत्तर मी लिहून आणलं होतं,
तिसऱ्या पानावर. ऐंशीतली चाळीस घरं
इथे राबणाऱ्यांसाठी राखून ठेवू, वगैरे.
काल रात्री आरशापुढे बरं वाटलं होतं.
आता तुझ्यासमोर वाचवत नाही.
कारण तू एकेचाळिसावी निघालीस तर
दार तुझ्या तोंडावर मीच लावणार,
आणि मग तुझ्याच हातून
माझ्या आईला पाणी पाजणार.

तरी ऐंशीच म्हणते.
दोनशे चौऱ्याण्णव हा आकडा
माझ्या शरमेने वर येत नाही.

घरामागे अजून जुन्या मुळांतून कोंब फुटतात,
दर एप्रिलमध्ये, पायरीला खेटून.
मी ते कापते. कापताना
हाताला गोडसर वास येतो, दोन दिवस जात नाही.

झालं माझं. मत द्यायचं तर द्या.
आणि जाताना कुणीतरी बाहेरचा नळ पिळून बंद करा.
थेंब पडतोय.
आत येताना मोजले मी, मिनिटाला बावीस.